टर्कीच्या आधीची उपकारस्तुती

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की अमेरिकेतल्या वर्गांत कागदी टर्की तयार होऊ लागते. पंजाभोवती पेन्सिल फिरवायची, बोटांची पिसं रंगवायची. मुलं रमतात, पण या सणाचा देवाधर्माशी काय संबंध, हे त्यातून कळत नाही. ते शिकवायचं तर सुरुवात मेजवानीपासून करू नये.

१६२१ची मेजवानी मुलांना माहीत असतेच. मेफ्लॉवर जहाजातून प्लिमथला आलेल्या १०२ जणांपैकी जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. सुगी हाती आल्यावर उरलेले लोक आणि वाम्पानोआग जमातीचे सुमारे ९० पुरुष तीन दिवस एकत्र जेवले. त्यांच्यापैकीच एक वसाहतकार एडवर्ड विन्स्लो याच्या पत्रात पाच हरणांचा उल्लेख आहे, करमणुकीचाही आहे. उपासनेसाठी राखलेल्या दिवसाचा नाही.

तो दिवस १६२३चा. मेपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस नाही, मका करपू लागलेला. वसाहतीने आधी उपास-प्रार्थनेचा दिवस पाळला आणि पाऊस आल्यावर उपकारस्तुतीचा. संकटात उपास, सुटकेनंतर स्तुती, अशी या प्युरिटन वसाहतकारांची जोडीच होती. (मराठी बायबलमधला ‘उपकारस्तुती’ हा शब्द इथे फार नेमका बसतो. आभार तर आपण सभेच्या शेवटी माइकवाल्याचेही मानतो.)

ही जोडी दाखवायला अब्राहम लिंकन यांचा ३ ऑक्टोबर १८६३चा थँक्सगिव्हिंगचा जाहीरनामा घ्यावा. मुलांना दोन रंगांच्या पेन्सिली द्याव्यात: कृतज्ञतेच्या ओळींखाली हिरवी रेघ, पश्चात्तापाच्या ओळींखाली लाल. लाल रेघ ओढावी लागते याचंच मुलांना नवल वाटेल. सणाच्या दिवशी राष्ट्राच्या अपराधांची कबुली कशाला? मग तेव्हा यादवी युद्ध चालू होतं हे सांगावं, जाहीरनाम्यातल्या विधवा आणि अनाथ मुलांच्या उल्लेखावर बोट ठेवावं आणि वाद रंगू द्यावा. इथे घाई नको.

सरकारी शाळेतल्या शिक्षकाने मात्र इथेच थांबावं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३च्या निकालानुसार तिथे धर्माविषयी शिकवता येतं, प्रार्थना करवून घेता येत नाही. चर्चच्या रविवारच्या शाळेत पुढे लूकच्या शुभवर्तमानाकडे वळता येतं. दहा कुष्ठरोगी बरे होतात, परतून येशूच्या पाया पडतो तो एकटा शोमरोनी, म्हणजे परका. उरलेले नऊ कुठल्या गडबडीत होते, हे मुलांकडून लिहून घ्यावं.

मोठ्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९७०पासून थँक्सगिव्हिंगच्याच गुरुवारी प्लिमथला मूलनिवासी लोक जमतात आणि तो दिवस राष्ट्रीय शोकदिन म्हणून पाळतात. त्यांच्यातल्या अनेकांचा त्या दिवशी उपास असतो.