सोन्याची सुरई आणि झापांचा मांडव

यरुशलेमचे पहिले मंदिर उभे राहिल्यावर शलमोन राजाने ते देवाला अर्पण केले ते सातव्या महिन्यातल्या सणात. हाच ज्यूंचा मंडपांचा सण, हिब्रूत सुक्कोथ. त्या वेळची त्याची प्रार्थना 'पहिले राजे'च्या आठव्या अध्यायात आहे. ज्याला आकाशही अपुरे, त्याला मी बांधलेले हे घर काय पुरणार, असे मंदिर बांधणाराच तिथे विचारतो. सणाचे मर्म मला या प्रश्नातच दिसते. कारण याच सात दिवसांत माणसाने आपले पक्के घर सोडून मांडवात राहावे, अशी लेवीय ग्रंथाची आज्ञा आहे.

सण या सातव्या, म्हणजे तिश्री महिन्याच्या पौर्णिमेला लागतो. अनेक वर्षी तीच आपली कोजागिरी. तिकडे तोवर द्राक्षे घरात आलेली असतात आणि उन्हाळाभर पावसाचा थेंब पडलेला नसतो. पुढचे पीक सारे येणाऱ्या पावसावर. मंदिरात पहिल्या दिवशी १३ बैलांचा बळी, मग रोज एक कमी, सातव्या दिवशी ७, एकूण ७०. जगातल्या ७० राष्ट्रांसाठी हे ७०, असा अर्थ पुढे तालमूद या ज्यू धर्मग्रंथाने लावला. पण लोकांचा जीव अडकलेला असे तो एका सुरईत.

पावसासाठी वेदीवर पाणी ओतण्याचा हा विधी मिश्ना या इ.स. २००च्या सुमारास सिद्ध झालेल्या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात बारकाईने सांगितला आहे. याजक सोन्याच्या सुरईत शिलोह तळ्याचे पाणी भरून आणी. वेदीवर चांदीची दोन पात्रे असत, एक पाण्याचे, एक द्राक्षारसाचे. दोन्हींच्या बुडाला भोक. पण पाण्याचे बारीक, रसाचे मोठे. रस दाट, तो सावकाश गळतो. दोन्ही पात्रे एकाच वेळी रिती व्हावीत म्हणून ही योजना. ओतणाऱ्याला लोक ओरडून सांगत, हात वर कर! कारण एकाने एकदा पाणी पायांवर ओतले होते आणि लोकांनी त्याला सणासाठी हातात धरलेल्या म्हाळुंगांनी झोडपले होते. जोसेफस हा इतिहासकार म्हाळुंगांच्या अशाच माऱ्याची हकिकत अलेक्झांडर यन्नाय या राजा-महायाजकाविषयी सांगतो आणि चिडलेल्या राजाने सुमारे ६,००० माणसे मारली, असेही नोंदवतो. (कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हाती असते तेच हे फळ.) ज्या शिलोह तळ्यातून पाणी येई, त्याच्या पायऱ्या २००४ साली सांडपाण्याच्या नळाचे काम करताना उघड्या पडल्या.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी पहिल्याच्या जागी उभे राहिलेले दुसरे मंदिर जाळले. बैल, सुरई, वेदी सारे संपले. उरला तो मांडव, आणि सणाचा हा अर्धा भाग जाळण्याजोगा नव्हताच. त्याचे छप्पर जमिनीत उगवून कापलेल्या फांद्यापानांचेच हवे. उन्हापेक्षा सावली जास्त हवी, पण फटींतून तारे दिसलेले बरे. पावसाने जेवण नासू लागले तर आत जायची मुभा आहे. मात्र मिश्ना म्हणते, अशा वेळी धन्याला पेला भरून द्यायला गेलेल्या नोकराच्या तोंडावर धन्याने पाणी फेकल्यासारखे होते. पाऊस मागायचा, पण या सात दिवसांत तो आला तर मान खाली घालायची. दगडी मंदिरात ही अडचण कधी कळली नसती. म्हणूनच मला मांडव हा मंदिराचा बदली कामगार वाटत नाही. शलमोनाच्या प्रश्नाचे उत्तर तोच अधिक प्रामाणिकपणे देतो.

मंदिराची खूणही पुसली गेलेली नाही. सणाच्या सातव्या दिवशी वेदीभोवती सात प्रदक्षिणा होत. आज त्या सिनेगॉगमधल्या वाचनपीठाभोवती होतात. सण सरताच, आठव्या दिवशी, जगभरचे ज्यू नित्याच्या प्रार्थनेत पाऊस पाडणाऱ्या देवाचे स्तवन सुरू करतात. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएलही ते म्हणतात, आणि त्या दिवसांत कोकणातला पाऊस परतीला लागलेला असतो.