पाइप ओढणारे घटले, मग ही छोटी कंपनी वाढली कशी?

आजचा विषय जरा वेगळा आहे. कॉर्नेल अँड डील ही पाइपमध्ये भरायची तंबाखू बनवणारी एक छोटी अमेरिकन कंपनी. मी कोड लिहिणारा माणूस, तंबाखूशी माझा संबंध नाही. पण आटत चाललेल्या मार्केटमध्ये एखादी कंपनी वाढते कशी, हा प्रश्न मला सोडवत नव्हता.

कंपनी सुरू झाली १९९० मध्ये. क्रेग टार्लर आणि त्यांची पत्नी पॅटी, दोघांनी मिळून. तोवर अमेरिकेत पाइप म्हणजे आजोबांची वस्तू झाली होती. मोठ्या कंपन्यांना असं मार्केट नको असतं, कारण त्यांना लाखो गिऱ्हाईकं लागतात. छोट्याला मात्र थोडीच पण चोखंदळ गिऱ्हाईकं पुरतात.

आता काम कसं चालतं ते बघा. कंपनी स्वतः शेती करत नाही. ती पानं विकत घेते आणि मिश्रणं बनवते. बर्ली आणि व्हर्जिनिया ही नेहमीची पानं. लाकडाच्या धुरावर धुरवलेलं ते लटाकिया. आणि लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिशमध्ये पिंपात दाबून आंबवलेलं ते पेरिक. म्हणजे कच्चा माल तोच, फरक प्रमाणात. लिनक्स एकच, डिस्ट्रो शेकडो, तसंच काहीसं. थोडाच माल काढून नवं मिश्रण आजमावता येतं. जी. एल. पीज हा नावाजलेला ब्रँडसुद्धा यांच्याच कारखान्यात बनतो.

पण विकायचं कुणाला? गावोगावची तंबाखूची दुकानं बंद पडत होती. इथे इंटरनेट कामी आलं. स्मोकिंगपाइप्स हे ऑनलाइन दुकान २००० मध्ये सुरू झालं आणि २०१४ मध्ये त्याच्याच मालक कंपनीने कॉर्नेल अँड डील विकत घेतली. कारखाना नॉर्थ कॅरोलिनातून साउथ कॅरोलिनात आला. कायद्यातली एक फटही उपयोगी पडली. २०१० च्या पॅक्ट कायद्याने सिगारेट पोस्टाने पाठवण्यावर जवळपास बंदी आणली, पण पाइपची तंबाखू त्यातून सुटली.

तिसरी गोष्ट म्हणजे मुरणं. बंद डब्यात ही तंबाखू लोणच्यासारखी वर्षानुवर्षं मुरते, म्हणून लोक डबे साठवून ठेवतात. त्यात कंपनी मोजकेच डबे काढते आणि ते झटपट संपतात. माझ्या धंद्यात याला रिटेन्शन म्हणतात!

इथे एक सावधगिरी. अमेरिकेत २००९ नंतर पाइप तंबाखूची विक्री एकदम उसळलेली दिसते. ती या कंपन्यांची कमाल नाही. त्या वर्षी हाताने वळायच्या सिगारेटच्या तंबाखूवरचा केंद्रीय कर पौंडाला २४.७८ डॉलर झाला आणि पाइप तंबाखूवरचा २.८३ डॉलर. मग काय, बऱ्याच उत्पादकांनी वळायच्या तंबाखूवर 'पाइप' असं लेबल लावलं. आलेखाची रेघ वर गेली, पाइप ओढणारे तेवढे वाढले नाहीत. डेटा बघताना कॉलमची व्याख्या आधी बघायची, ती यासाठी.

वाढ कायमची असते असंही नाही. कॅन्सस सिटीतली मॅक्लेलंड ही अशीच लाडकी कंपनी १९७७ पासून होती. हवी तशी पानं मिळेनात म्हणून २०१८ मध्ये तिने गाशा गुंडाळला. शिवाय २०१६ पासून पाइप तंबाखू एफडीएच्या नियमांखाली आली. १५ फेब्रुवारी २००७ नंतर बाजारात आलेल्या मिश्रणाला परवानगी लागते. मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते, छोटीकडे नसते.

मग आपण या छोट्या कंपनीच्या बाजूने उभं राहायचं का? धंद्याची हुशारी मला मान्य आहे. पण पाइपमुळे तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कॅन्सर होतो. धूर छातीत नाही घेतला तरी निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शरीरात जातंच. कारखाना लहान असला, डबा देखणा असला, म्हणून त्यात काही फरक पडत नाही. गिऱ्हाईक परत येतं ते चवीमुळे, आणि व्यसनामुळेही. दोन्ही एकाच आकड्यात मोजली जातात. आपण बनवतो त्या ॲपचा रिटेन्शनचा आकडा वाढला की मी आता हाच प्रश्न विचारतो: यात आवड किती आणि सुटत नाही म्हणून किती?

तुमच्या फोनमधलं असं एखादं ॲप आठवतंय? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!