लग्नानंतर थांबलेली पीएच.डी. दुसऱ्या विद्यापीठात पूर्ण करता येते

परतूर, मंठा, भोकरदन, बदनापूर अशा तालुक्यांतून आपल्या समाजाच्या मुली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पीएच.डी.ची नोंदणी करतात. मग लग्न होते, सासर पुण्याला नाहीतर नागपूरला असते आणि अर्धा प्रबंध पेटीत पडून राहतो. "आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल," असे कोणीतरी सांगते आणि ती मुलगी प्रबंधाचा नाद सोडते. प्रत्यक्षात नियम तिच्या बाजूने आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएच.डी. नियमावली 7 नोव्हेंबर 2022 पासून लागू आहे. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने महिला संशोधकाला दुसरीकडे जावे लागले, तर तिचे संशोधन नव्या विद्यापीठात नेता येते. मात्र ते संशोधन जुन्या संस्थेला किंवा मार्गदर्शकाला मिळालेल्या अनुदानित प्रकल्पाचा भाग नसावे, बाकीच्या अटी पाळाव्यात आणि झालेल्या कामाचे श्रेय जुन्या संस्थेला व मार्गदर्शकाला द्यावे. ही तरतूद महिलांसाठी आहे. पुरुष संशोधकांनी नव्या विद्यापीठाचे प्रवेशाचे नियम विचारून घ्यावेत.

मुदतही समजून घ्या. प्रवेशापासून 6 वर्षे मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी 2 वर्षे मिळू शकतात. महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना याउपर 2 वर्षांची सवलत आहे, म्हणजे जास्तीत जास्त 10 वर्षे. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा मिळते. नोंदणी 2022 च्या नियमावलीआधीची असेल, तर 2009 किंवा 2016 चे नियम लागू होतात.

आता काय करायचे?

1. जुनी नोंदणी रद्द करू नका. आधी नवा मार्गदर्शक शोधा. प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 संशोधकांचीच मर्यादा असते, म्हणून जागा आहे का ते पहिल्यांदा विचारा.

2. नोंदणीपत्र, कोर्सवर्कचे गुणपत्रक, मंजूर आराखडा आणि संशोधन सल्लागार समितीचे प्रगती अहवाल यांच्या प्रती जवळ ठेवा.

3. दोन्ही विद्यापीठांना लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. आधीची वर्षे आणि कोर्सवर्क धरणार का, याचे उत्तर लेखीच मागा.

4. फेलोशिप चालू असेल, तर बदलाआधी ती देणाऱ्या संस्थेला कळवा.

5. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणाऱ्यांपासून दूर राहा. 2018 च्या नियमांनुसार मजकुरात 60 टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणीच रद्द होते.

बाबासाहेबांचेही संशोधन अर्ध्यावर थांबले होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये त्यांना लंडन सोडावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. पुस्तकांचे सामान बोटीबरोबर समुद्रात बुडाले. तरी 1920 मध्ये ते परत गेले. परीक्षकांनी प्रबंधात दुरुस्त्या सांगितल्या, त्या केल्या आणि 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली. ती परवानगी हातात होती म्हणूनच परतीची वाट उघडी राहिली.

कार्यकर्त्यांनी एवढे करावे. आपल्या विहारात येणाऱ्या कुटुंबांत कोणाची पीएच.डी. अडली आहे याची यादी करा, तिच्या सासरच्या माणसांशी बोला आणि अर्ज द्यायला सोबत जा. मुदत संपण्याआधी दिलेला एक अर्जही तिची कितीतरी वर्षांची मेहनत वाचवू शकतो.

जय भीम!