मांजराची हाक आणि मांजराची भूक

मांजर पाळणाऱ्या घरात दिवसातून अनेकदा घडणारा एक प्रसंग असा. बशी चाटूनपुसून स्वच्छ केल्याला अर्धा तासही झालेला नसतो, तोच मांजर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन ओरडू लागते; पायांना अंग घासते; फडताळाकडे पाहून पुन्हा ओरडते. घरातील एक जण 'त्याचे पोट भरले नाही' असे म्हणून वाटीभर दूध ओततो; दुसरा 'ते हावरटच आहे' असे म्हणून त्याला हुसकावतो. ही दोन मते परस्परविरुद्ध दिसली, तरी एक गोष्ट दोघेही गृहीत धरतात. मांजराची हाक हे त्याच्या पोटाविषयीचे विधान आहे, ही ती गोष्ट होय. पहिल्याच्या मते ते विधान खरे, दुसऱ्याच्या मते खोटे. मांजराला किती खाऊ घालावे हा प्रश्न वस्तुतः पशुवैद्यकाचा. परंतु घरोघरी तो ज्या रीतीने सोडविला जातो ती रीत अर्थनिर्णयाची असल्यामुळे भाषाभ्यासकानेही त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

या प्रश्नात 'भूक' हा शब्दच बराचसा उद्बोधक आहे. तो संस्कृत 'बुभुक्षा' या शब्दापासून प्राकृत 'भुक्खा' या रूपाच्या द्वारे मराठीत आला; आणि 'बुभुक्षा' हे 'भुज्' धातूच्या इच्छार्थक रूपावरून साधलेले नाम होय. म्हणजे मुळात भूक ही पोटाची रिकामी अवस्था नव्हे, तर खाण्याची इच्छा. मराठीत आज हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, व माणसाच्या बाबतीत त्यामुळे फारसे अडत नाही. कारण माणसाला 'पोट भरले आहे, पण खावेसे वाटते' असे सांगता येते. व्युत्पत्तीवरून प्रचलित अर्थ ठरवू नये हे तत्त्व मान्य करूनही, मांजराच्या बाबतीत हा जुना भेद पुन्हा उकरून काढणे सोयीचे आहे. त्याची इच्छा एक, त्याच्या शरीराची गरज दुसरी, आणि त्याची हाक ही तिसरीच गोष्ट.

हाकेचा विचार प्रथम करू. मिल्ड्रेड मोल्क या विदुषीने १९४४ साली पाळीव मांजराच्या ध्वनींचा ध्वनिशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. तिने या ध्वनींचे सोळा प्रकार मानले व उच्चारणाच्या आधारे त्यांचे तीन गट पाडले : मुख मिटलेले असताना निघणारे, मुख उघडून हळूहळू मिटताना निघणारे, आणि मुख ताणून उघडे ठेवलेले असताना निघणारे. परिचित 'म्यांव' दुसऱ्या गटात पडते. या ध्वनीचे वैशिष्ट्य असे की, प्रौढ मांजरे परस्परांशी व्यवहार करताना तो क्वचितच वापरतात. पिल्लू आईला उद्देशून तो काढते, आणि माणसाच्या घरात वाढलेले मांजर मोठेपणीही माणसाला उद्देशून तो काढीत राहते. सारांश, 'म्यांव' हा ध्वनी बहुतांशी आपल्याचसाठी राखून ठेवलेला आहे.

कार्ल ब्यूलर याने १९३४ साली भाषिक चिन्हाची जी तीन कार्ये सांगितली ती येथे उपयोगी पडतात. बोलणाऱ्याची अवस्था व्यक्त करणे, ऐकणाऱ्याला आवाहन करणे, व वस्तुस्थितीचे निवेदन करणे, ही ती कार्ये. मांजराच्या हाकेत पहिले कार्य काही प्रमाणात असते, दुसरे भरपूर असते. तिसरे तिच्यात शोधू जाणे हाच मूळ घोटाळा होय. निकास्त्रो आणि ओवरेन यांनी २००३ साली जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात अन्न मागणे, अडथळा येणे, त्रासणे इत्यादी पाच प्रसंगी काढलेल्या हाका श्रोत्यांना ऐकवून प्रसंग ओळखण्यास सांगितले होते. निव्वळ अंदाजाने शेकडा २० उत्तरे बरोबर यावयाची. प्रत्यक्षात आलेले यश त्याहून थोडेसेच अधिक होते. मांजरांचा सहवास असलेले श्रोते अधिक बरोबर ठरले, पण तेही फार नव्हे. यावरून घरात जो अर्थ हाकेतून 'ऐकला' जातो त्याचा मोठा भाग वेळ, जागा आणि फडताळाकडे वळलेली नजर यांतून येत असावा, असे मानण्यास आधार मिळतो.

मात्र हाकेत काहीच नसते असेही नाही. कॅरन मॅकोंब व त्यांचे सहकारी यांनी २००९ साली दहा मांजरांची घुरघुर तपासली. अन्न मागताना काढलेल्या घुरघुरीत, तिच्या नेहमीच्या मंद खर्जाच्या जोडीला, एक उंच घोष स्वर मिसळलेला आढळला. त्याची वारंवारता सरासरीने ३८० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तान्ह्या मुलाच्या रडण्याच्या पट्ट्यात पडणारी होती. मांजर कधी न पाळलेल्या श्रोत्यांनाही ही घुरघुर अधिक निकडीची व कमी सुखद वाटली. ध्वनिमुद्रणातून तो स्वर कमी करताच निकडही कमी भासली. येथे निकड खरी आहे, परंतु ती ऐकणाऱ्याच्या ठिकाणी उत्पन्न होते. बोलणाऱ्याच्या पोटात ती किती आहे हे या स्वरावरून मोजता येत नाही.

हाक टिकून का राहते याचे उत्तर मानसशास्त्रात आहे. प्रत्येक वेळी फळ देणाऱ्या कृतीपेक्षा, अधूनमधून अनियमितपणे फळ देणारी कृती पुढे फळ बंद झाले तरी अधिक काळ चालू राहते, हे फर्स्टर व स्किनर यांच्या १९५७ सालच्या ग्रंथापासून सर्वपरिचित आहे. नऊदा हुसकावून दहाव्यांदा दूध देणारे घर मांजराला चिकाटीचेच शिक्षण देत असते. शिवाय मांजराची प्रकृतीच अल्पाहाराची आहे. त्याचे रानटी पूर्वज दिवसभरात अनेक लहान सावजे मारून खात. एका उंदरातून सुमारे ३० किलोकॅलरी मिळतात. अन्न सतत समोर असेल तर घरातील मांजरही रात्रंदिवस मिळून दहा-बारा वेळा किंवा त्याहून अधिक वेळा थोडेथोडे खाते. तेव्हा अर्ध्या तासाने पुन्हा बशीशी येणे यात विकृती नाही. आणि बशी भरलीच पाहिजे असाही त्यातून निष्कर्ष निघत नाही.

मग किती द्यावे? पशुवैद्यकातील प्रचलित पद्धत अशी : किलोग्रॅममधील वजनाचा ०.७५ हा घात काढून त्यास ७० ने गुणावे. ही विश्रांतीच्या अवस्थेतील दैनिक गरज. ४ किलो वजनाच्या मांजरासाठी ती सुमारे १९८ किलोकॅलरी येते. निर्बीजीकरण झालेल्या, घरातच राहणाऱ्या प्रौढ मांजरासाठी तिला साधारण १.२ ने गुणतात, म्हणजे सुमारे २४० झाल्या. उंदरांच्या हिशेबाने आठ. बाजारच्या कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला बहुधा ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात. त्यामुळे दिवसाचे सगळे अन्न ६० ते ७० ग्रॅम भरते. हा ढीग बशीत इतका लहान दिसतो की, पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. म्हणूनच ते वाटीने किंवा मुठीने न मापता काट्यावर तोलावे. तेवढेच अन्न चार-पाच वेळांत विभागले, तर मांजराच्या स्वभावाशी ते अधिक जुळते.

या हिशेबापुढे दुधाची वाटी ठेवून पाहावी. म्हशीच्या १०० मिलीलीटर दुधात सुमारे १०० किलोकॅलरी असतात. घरातील चौघांनी एकमेकांस न सांगता दिवसातून एकेकदा ५० मिलीलीटर दूध घातले, तर बशीतील खाद्याव्यतिरिक्त २०० किलोकॅलरी पोटात जातात, म्हणजे जवळजवळ दुसऱ्या दिवसाचे जेवण. त्यातही अनेक प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही व जुलाब होतात. मराठी घरांतील दूधभाताची परंपरा जुनी आहे, पण मांजर अनिवार्य मांसाहारी असल्याने केवळ दूधभातावर त्याची प्रथिनांची व टॉरीन या द्रव्याची गरज भागत नाही. टॉरीनच्या अभावी मांजराचा डोळ्याचा पडदा झिजतो हे १९७५ साली, आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात हे १९८७ साली दाखविण्यात आले. असे मांजर दूधभात खाऊन ओरडत असेल, तर त्यास हावरट म्हणणे अन्यायाचे होईल.

सूत्राने येणारा आकडा हा आरंभबिंदू होय. एकाच वजनाच्या दोन मांजरांच्या गरजांत बराच फरक पडू शकतो. खरा निर्णय हाताने करावयाचा असतो. बरगड्यांवरून बोटे फिरविली असता त्या पातळ थराखाली सहज लागाव्यात, आणि वरून पाहता बरगड्यांमागे कंबर दिसावी. पशुवैद्य याचे नऊ अंशांचे मोजमाप करतात व पाचवा अंश उत्तम मानतात. निर्बीजीकरणानंतर गरज घटते आणि खाण्याची इच्छा मात्र वाढते, हा बुभुक्षा व गरज यांतील विरोधाचा सर्वांत स्पष्ट दाखला होय. नेमक्या त्याच सुमारास हाक वाढते व वजन चढू लागते. लठ्ठ मांजरास मधुमेह जडण्याचा संभव वाढतो. तथापि हे ध्यानात येताच अन्न एकाएकी तोडणे त्याहूनही घातक. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात मेद साचून प्राणावर बेतते. वजन आठवड्याला शेकडा एक-दोनपेक्षा अधिक वेगाने उतरू देऊ नये.

आता राहिला तो प्रसंग, ज्यात हाकेकडे कान दिलाच पाहिजे. दहा वर्षांवरील मांजर पूर्वीपेक्षा अधिक ओरडू लागले, अधिक खाऊ लागले आणि तरीही रोडावत चालले, तर थायरॉइड ग्रंथीचा अतिस्राव संभवतो. पाणी पिणे व मूत्र वाढले असेल तर मधुमेह. पिल्लू असेल तर पोटातील जंत. यांपैकी एकाही विकाराची स्वतंत्र अशी हाक नाही. येथे अर्थ असतो तो त्याच मांजराच्या कालच्या आणि आजच्या वागण्यातील भेदात, आणि तो भेद कळण्यासाठी कालची नोंद हाती असावी लागते. घरातल्या साध्या काट्यावर प्रथम मांजराला घेऊन व मग मांजराशिवाय उभे राहून दोन्ही वजनांतील फरक दर पंधरा दिवसांनी लिहून ठेवला, तर पशुवैद्याला दाखविण्याजोगे काही तरी हाती राहते.