ओट्याचे माप आधी, रंग नंतर

मॉड्युलर किचन करावयाचे ठरले की घरात प्रथम रंगांची पुस्तिका येते. आपण त्याआधी मोजपट्टी घ्यावी आणि स्वयंपाकघरात रोज सर्वाधिक वेळ जी व्यक्ती उभी राहते तिचे माप घ्यावे. पुष्कळ घरांत ती साठी ओलांडलेली आई किंवा सासूबाई असते. निर्णय मात्र मुले आणि ठेकेदार घेतात.

त्यांना सरळ उभे करून कोपर काटकोनात दुमडायला सांगा. जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीतून चार ते सहा इंच वजा केले की ओट्याची सोयीची उंची मिळते. हल्ली ओटे सरसकट ३४ इंचांच्या आसपास बांधले जातात. चार फूट दहा इंच उंचीच्या आजींना ३१-३२ इंच पुरतात. त्यापेक्षा उंच ओट्यावर पोळ्या लाटताना खांदे सतत उचललेले राहतात. वर शेगडी ठेवली की पातेले आणखी उंच जाते आणि आत काय शिजते आहे ते दिसतही नाही. मानदुखी घेऊन येणाऱ्या भगिनींना मी औषधाआधी ओट्याची उंची विचारतो, ती यासाठीच.

आता रचना. वृद्धांच्या घरासाठी माझा कौल इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या ओट्याला. सलग कडेला हात टेकत चालता येते आणि गरम भांडे न उचलता सिंकपर्यंत सरकवता येते. समोरासमोरच्या दोन ओट्यांत कढत पातेले हाती घेऊन वळावे लागते. तोल जाणाऱ्यांना ते धोक्याचे. जागेमुळे तशीच रचना करावी लागली, तर शेगडी व सिंक एकाच बाजूला घ्या आणि मध्ये साडेतीन ते चार फूट वाट ठेवा. चाकांची खुर्ची असेल तर वळण्यासाठी पाच फुटांचे मोकळे वर्तुळ हवे. शेगडी, सिंक व फ्रीज यांतील अंतरांचा फार विचार नको. आपल्या फ्लॅटमध्ये ती आपोआपच कमी असतात!

खरा घात होतो तो वरच्या कपाटांमुळे. डबा काढण्यासाठी प्लास्टिकच्या स्टुलावर चढणे आणि हाडे ठिसूळ असताना पडणे, म्हणजे मनगट अथवा खुब्याचे हाड मोडणे. खुब्याच्या अस्थिभंगानंतर अनेक वृद्ध पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. म्हणून रोजची भांडी व डबे कंबर ते खांदा एवढ्याच पट्ट्यात असावेत. अगदी खालची ट्रॉलीही बेताचीच सोयीची: रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वाकून उठताना भोवळ येऊ शकते. तेथे दिवाळीची भांडी ठेवा.

ओट्याखाली अडीच फूट जागा ट्रॉलीविना मोकळी सोडा. गुडघेदुखी असणाऱ्यांना तेथे खुर्ची सरकवून बसून भाजी चिरता येईल. मात्र एवढा भाग २८ ते ३० इंचच उंच हवा. मोतीबिंदू असल्यास वरच्या कपाटांखाली दिवे लावा. गुळगुळीत, चकचकीत फरशी टाळा. तिच्यावर सांडलेले पाणी दिसत नाही आणि पाय घसरतो. सांधे आखडले असतील तर गोल मुठींऐवजी लांब दांड्यांची हँडले, आणि पिळण्याच्या नळाऐवजी दांडीचा नळ.

ठेकेदार ३४ इंचांचा आग्रह धरील, तयार कपाटे त्याच मापाची असतात म्हणून. पुष्कळशी कपाटे खालीवर करता येणाऱ्या पायांवर उभी असतात. ते पाय कितपत कमी होतात, एवढे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्याला विचारा.