हौशी चित्रकारांनो, रंग जपून हाताळा!

नोकरीधंदा सांभाळून चित्रे काढणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आचोळे-नालासोपाऱ्याहून रोज लोकलने मुंबईला जाणारा एखादा गृहस्थ रात्री जेवणे आटोपल्यावर पेन्सिल, जलरंग, पेस्टल, तैलरंग अशी निरनिराळी माध्यमे हाताळतो आणि रविवारी चित्रे शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवतो. हा छंद मनाला हितकारक आहे. अमेरिकेत २०१६ साली ३९ प्रौढांवर झालेल्या एका लहानशा अभ्यासात, ४५ मिनिटे कलाकृती करण्यात रमल्यावर सुमारे तीनचतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालेले आढळले.

मात्र आपली घरे लहान. ज्या खोलीत चित्र रंगते, त्याच खोलीत स्वयंपाक होतो आणि मुले झोपतात. म्हणून कोणत्या रंगापासून काय अपाय होऊ शकतो, हे माहीत हवे.

पेन्सिल आणि जलरंग ही त्यातल्या त्यात निर्धोक माध्यमे. पेन्सिलीत ‘लेड’ म्हणतात ते शिसे नसून ग्रॅफाइट असते. तैलरंगात मुख्य त्रास टर्पेंटाइन व थिनरचा. त्यांच्या वाफेने डोके दुखते, डोळे चुरचुरतात, दमेकऱ्यांना धाप लागते. हातांना इसबही होतो. पावसाळ्यात खिडक्या बंद असतात तेव्हा हा त्रास वाढतो. पेस्टलची पूड तोंडाने फुंकू नये, ती श्वासात जाते. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. चित्रावर मारायचा फिक्सेटिव्हचा फवारा गच्चीवर किंवा मोकळ्या जागेतच मारावा.

खरे विष रंगद्रव्यांत असते. शिशापासून केलेला सफेदा (फ्लेक व्हाइट) आणि कॅडमियमचे पिवळे-तांबडे रंग यांपासून सावध राहावे. ब्राझीलचे विख्यात चित्रकार कांदिदो पोर्तिनारी १९६२ साली रंगांतील शिशाच्या विषबाधेनेच मरण पावले. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. पोटदुखी, बद्धकोष्ठ, पंडुरोग, चिडचिड ही त्याची लक्षणे. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला तर ते फारच घातक. आपल्या देशात घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. तरीही चित्रकलेच्या रंगाची ट्यूब घेताना लेबल वाचावे आणि टिटॅनियम व्हाइट घ्यावा.

पुढील पथ्ये पाळावीत :

१. रंगवताना खाऊपिऊ नये, विडी-सिगारेट ओढू नये. कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवू नये.

२. थिनर कधीही पाण्याच्या बाटलीत ठेवू नये. मूल पाणी समजून पिते. तसे झाल्यास उलटी करवू नये. द्रव फुप्फुसात उतरून जिवावर बेतते. बाटलीसह ताबडतोब इस्पितळात न्यावे.

३. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात. थिनर गॅसजवळ वापरू नये.

४. दर अर्ध्या तासाने उठून मान-पाठ मोकळी करावी व दूरवर पाहावे.

रंगवताना वारंवार डोके दुखत असेल किंवा वर सांगितलेली लक्षणे दिसत असतील, तर डॉक्टरांना आपला छंद आवर्जून सांगावा. रक्तातील शिसे तपासता येते. पण छंदच ठाऊक नसेल तर ती तपासणी डॉक्टरांना सुचणार कशी?

महागडे रंग नसले म्हणून कला अडत नाही. आपल्याच जिल्ह्यातील, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती वारली चित्रकलेसाठी. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी, एवढेच या कलेचे परंपरागत साहित्य! तेव्हा हौस जरूर करा, पण खिडकी उघडी ठेवून.