रंजक आणि बार

नाताळ सरला की बहुधा २६ डिसेंबरला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणांच्या शिकारीचा एक निराळा हंगाम उघडतो. ओकची पाने गळून गेलेली, रानात कुठे बर्फ तर कुठे ओला पाचोळा. शिकाऱ्याच्या हातात ठासणीची बंदूक असते, आणि तीही गारेची. घोड्याच्या जबड्यात गारगोटी आवळलेली असते. ती पोलादावर घासून ठिणगी पडली तरच बार उडायचा.

ठासणीची बंदूक आपल्याला परकी नाही. कोकणात शेताच्या राखणीसाठी ती परवान्यावर बाळगणारी घरे आजही आहेत, पण तिथे ठिणगीचे काम बहुधा स्फोटक टोपी करते. पेनसिल्व्हेनियाच्या या हंगामात टोपी चालत नाही. बंदूक १८०० पूर्वीच्या घडणीची किंवा तिची नक्कल हवी आणि तिच्यावर दुर्बीण नको, असा नियम आहे.

या शिकारीतली लांब रायफल तिथलीच. अठराव्या शतकात लँकेस्टर परिसरात स्थायिक झालेल्या जर्मनभाषक कारागिरांनी मायदेशातली आखूड, जाड नळीची शिकारी रायफल लांब आणि सडपातळ केली आणि तिला मेपलच्या लाकडाचा दस्ता दिला. पुढे ती ‘केंटकी रायफल’ म्हणून गाजली, जन्म मात्र पेनसिल्व्हेनियातला.

ती भरणे हे सावकाशीचे काम. शिंगातली दारू मापाने नळीत ओतायची. अर्ध्या इंचाच्या नळीला साधारण साडेचार ते सहा ग्रॅम. या काळ्या दारूत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. (अठराव्या शतकात इंग्रजांच्या दारूतला सोरा मोठ्या प्रमाणावर बिहारमधून जात असे.) मग चरबी लावलेली सुती चिंधी नळीच्या तोंडावर, तिच्यावर साडेअकरा ग्रॅमची शिशाची गोल गोळी. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते. नळीतल्या पीळदार खाचा चिंधीला पकडतात आणि चिंधी गोळीला फिरवते. गजाने गोळी दारूवर घट्ट बसेपर्यंत ठासायची. मध्ये फट राहिली तर नळी फुटण्याची भीती, म्हणून जाणता शिकारी गजावर खूण करून ठेवतो. शेवटी नळीशेजारच्या छोट्या प्याल्यात चिमूटभर बारीक रंजक, म्हणजे पेटवणीची दारू.

चाप ओढल्यावर आधी रंजक पेटते, ती ज्वाळा नळीच्या कानातून, म्हणजे बारीक छिद्रातून, आत शिरते, मग मुख्य बार होतो. मध्ये सेकंदाचा अगदी लहान तुकडा जातो, पण तेवढ्यात डोळ्यांपुढे लखकन उजेड होतो आणि नवखा दचकतो. नळी हलली की गोळी भलतीकडे गेलीच. म्हणून बार होऊन गेल्यावरही नळीच्या टोकाची माशी हरणावर तशीच धरून ठेवायची सवय अंगी मुरवावी लागते. हवा दमट असेल तर रंजक ओल धरते. नुसतीच ती भपकते आणि हरीण निघून जाते. पावसाबर्फात शिकारी चापयंत्रावर कातड्याचे झाकण बांधतो, रंजक पुन्हा पुन्हा बदलतो.

गोल गोळीचा वेग हवेत झपाट्याने उतरतो. म्हणून पन्नास पावलांच्या आत जावे लागते, आणि तेही आधीच्या हंगामात रायफलींचे आवाज ऐकून सावध झालेल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाजवळ. वारा तोंडावर घ्यायचा, चार पावले टाकून बराच वेळ थांबायचे. काही जण दोघे-तिघे मिळून हळूच हाकारा घालतात. मला या शिकारीचे मोल याच अडचणींत दिसते. दुसरा बार भरायला अर्धा-एक मिनिट लागणार, हे ठाऊक असलेला माणूस खांद्यामागची, फुप्फुसाची जागा स्पष्ट दिसल्याशिवाय चापाला बोट लावत नाही. निदान लावू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंगलतोड आणि बाजारासाठी चाललेली बेबंद शिकार यांमुळे पेनसिल्व्हेनियातली हरणे जवळजवळ संपली होती. १८९५ मध्ये राज्याचे गेम कमिशन स्थापन झाले, त्याने १९०६ पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणे आणून सोडली. पुढे ती इतकी वाढली की जंगलात कोवळी रोपे टिकेनात. शिकार हा तिथे हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा मार्ग झाला तो त्यामुळे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार बरेचसे मिटले. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, पेनसिल्व्हेनियाने गारेच्या बंदुकीचा पहिला हंगाम ठेवला. तो तीन दिवसांचा होता, आणि तोही राज्याच्या निवडक शिकार-रानांपुरता.

१९८५ मध्ये मिसूरीतल्या टोनी नाइट यांनी आधुनिक रायफलीच्या धाटणीची ठासणीची बंदूक बाजारात आणली. तिच्या वंशातल्या बंदुका दुर्बीण लावून दीडशे यार्डांवर नेम धरतात, आणि अनेक राज्यांच्या ठासणीच्या हंगामांत त्याच दिसू लागल्या. पेनसिल्व्हेनियानेही त्यांना ऑक्टोबरात जागा दिली. नाताळनंतरचे दिवस मात्र गारगोटीसाठीच राखले. हे राखणे मला फार मोलाचे वाटते.

बार झाला की पांढऱ्या धुरापलीकडे काहीच दिसत नाही. शिकारी जागचा हलत नाही. आधी पुन्हा दारू, चिंधी, गोळी, गज, रंजक. मग हरीण उभे होते तिथवर जाऊन, वाकून, तो बर्फावर केस आणि रक्ताचा थेंब शोधू लागतो.